बाळोत्याचं कापड

मुलगी झाल्याची बातमी आली तेव्हा मी अमरावतीला सरकारी कचेरीत कारकून होतो आणि बायको अकोल्याला माहेरी होती. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं. साहेब बोलण्याने सुधारक. जयंतीच्या व्यासपीठावर ते समतेवर घसा कोरडा होईपर्यंत बोलत. घरी आमच्यासाठी पेला मात्र वेगळा असे.

बाईसाहेबांनी व्हरांड्यात दोन वस्तू आणून ठेवल्या. एक गाठोडं, त्यात साहेबांची विरलेली धोतरं. दुसरं एक चकचकीत पाकीट. विलायतेतली मुलगी नातवाला घेऊन आली होती, तिच्याकडून उरलेलं. त्यात कागदाचे लंगोट होते.

"धोतरं अगदी मऊ झालीत. नव्या बाळाला जुनंच घालायचं असतं. आणि तुमच्यात तर चालतंच," त्या म्हणाल्या. "आणि हे एकदा वापरायचं नि टाकून द्यायचं. धुण्याची कटकट नाही."

"टाकायचं कुठे?"

"मागच्या बोळात. झाडणारी येते ना, ती नेते उचलून."

विलायतेत ते कोण उचलतं मला ठाऊक नाही. इथे जात उचलते. सुशिक्षित माणसं ज्याला धुणं वाचलं म्हणतात, ते वाचलेलं नसतं. दुसऱ्याच्या डोक्यावरच्या टोपलीत गेलेलं असतं. आणि हा कागद कुठे मिरवायचा, तर वऱ्हाडात, जिथे कापसाच्या गाड्यांमागे गाड्या लागतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींनाही कापूस लटकतो.

मी म्हणालो, "बाईसाहेब, उतरलेले कपडे घेणं आम्ही सोडलंय."

साहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "अरे, लंगोटात कसलं आलंय तत्त्व?"

"लंगोटात नाही साहेब. धोतरात आहे."

गाठोडं आणि पाकीट तिथेच ठेवून मी निघालो. मी पत्रकांवर वाढलेला माणूस. धर्मांतरानंतर आमच्या वस्तीत जी पत्रकं यायची ती मी मोठ्याने वाचून दाखवायचो: मेलेलं ढोर ओढू नका, शिळं मागू नका, उतरलेलं अंगावर घालू नका. बाळोत्यांबद्दल त्यांत काही नव्हतं. पण माझ्या लेकीच्या अंगाला लागणारं कापड साहेबाच्या कमरेवरून आलेलं नसणार, एवढं मी ठरवलं होतं.

बाजारातून कोरं मांजरपाट घेतलं आणि शनिवारी अकोल्याची गाडी धरली.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "जवाईबापू, आलेलं गाठोडं काहून परत केलं तुमी? आता काय लेकराच्या ढुंगणाले पत्रकं बांधू?"

घरात जुनं कापड नव्हतंच; तोवर फाटक्या पोलक्याच्या दोन चिंध्यांवर भागलं होतं. बोलणाऱ्यांना हे कळत नाही की जुनं कापड ही श्रीमंतांची चीज आहे. आमच्याकडे लुगडं अंगावरून उतरतं तेव्हा त्याची वातसुद्धा वळता येत नाही. म्हणून आमचा समज असा की नवं ते सगळं चांगलं. मी मांजरपाट एकदा पाण्यातून काढलं, फाडलं आणि लंगोट केले. त्यातली गिरणीची खळ काही निघाली नाही. कापड वाळलं की पुठ्ठ्यासारखं कडक व्हायचं, ओलं झालं की घासायचं. दोन दिवसांत पोरीच्या मांड्या लाल झाल्या, मग सोलल्या. लंगोट बदलायला हात लावला की ती किंचाळायची.

आमचं पहिलं मूल पाचवी पुजायच्या आतच गेलं होतं. घरात ते कोणी बोलत नव्हतं, पण त्या किंचाळण्यासरशी बायको भिंतीकडे तोंड करायची.

सासूबाई उठल्या. "मी जातो वकिलाच्या घरी. चार फडके मांगून आणतो. मांगून आणलेल्या फडक्यानंच लेकरू जगते, मांगच्या टायमाले नाई आणलं म्हणून ते पयलं गेलं."

पदर पसरला की मृत्यू फसतो, हा शोध कोणी लावला असेल? ज्याच्याकडे देण्यासारखी जुनी धोतरं होती त्यानेच. पण तेव्हा मी हे बोललो नाही. समोर सोललेलं लेकरू होतं.

बोलली ती बायको. बाजेवरून तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "माय, तू मांगाले जाऊ नको. ते उरलेलं मांजरपाट ने, अन् आपल्या वस्तीतून बदलून आण."

"बदलून?"

"कोरं दे, फाटकं घे."

सासूबाईंनी उरलेल्या मांजरपाटाची घडी घातली. मग कापड बगलेत मारून निघाल्या. मी मागोमाग गेलो.

पहिल्याच दारातल्या म्हातारीने मांजरपाट बोटांत चुरगळून पाहिलं. "एवढं कोरं कापड अन् मले फाटकं लुगडं मांगून राह्यली? येडी झाली का वो बाई?"

"येडी नाई झाली. नातीचे पाय सोलले."

"मंग माह्यावालं घे. चार लेकरं मुतले याच्यावर, मऊ नाई होईल तं काय होईल. पण पोरीले सांगजो, लग्नात मले नवं लुगडं पाह्यजे."

दारोदार असंच झालं. एकीजवळ जास्तीचं काही नव्हतं, तर ती आत गेली, नेसलेल्या लुगड्याचा विरलेला तुकडा फाडून काढला, त्या जागी मांजरपाट जोडून दांड घातला आणि तेच नेसून बाहेर आली. "पाह्य, आता हे माह्यापेक्षा जास्त टिकते," म्हणाली. कोणी उपकार केल्याचं तोंड केलं नाही. सासूबाईंचा आवाज शेवटच्या दारापर्यंत तर भाव करण्याइतका चढला होता.

ती हिरवी, जांभळी, मळकी फडकी आम्ही सोड्यात उकळून घेतली. आठवडा गेला आणि पोरीच्या मांड्यांवर नवी कातडी धरली. लंगोट बदलताना ती नुसती बघू लागली.

बायकोला पाण्यात हात घालायची मनाई होती, म्हणून रजा वाढवून धुणं मी घेतलं. विहिरीवर सकाळी लंगोट आपटायला बसलो की पारावरची मंडळी मान वळवून बघायची. त्यांत आमचेही होते, पत्रकं वाचणारे.

"काहून हो पाव्हणे," त्यातला एक म्हणाला, "बायकोनं नोकरीवर ठेवलं काय तुमाले?"

"बायकोनं नाही," मी लंगोट पिळत म्हटलं, "पोरीनं."