फर्नेस दुरुस्त करायची की नवी बसवायची

आम्ही नागपूर सोडलं ते भर मे महिन्यात. स्टेशनवरचा पत्रा तापलेला, आणि आई माझ्या पिशवीत दोन लोकरी स्वेटर कोंबत होती. बाबा सुधीरला, माझ्या नवऱ्याला, एवढंच म्हणाले, "तिकडे थंडी फार असते म्हणे. जपून राहा." गाडी हलली तेव्हा आईने तोंड फिरवलं.

त्याला सव्वीस वर्षं झाली. आई-बाबा आता नाहीत. दोन वर्षांपूर्वी सुधीरही गेला. न्यू जर्सीतल्या या घरात मी एकटी राहते.

तुम्हा नागपूरकरांना फर्नेस म्हणजे काय ते सांगायला हवं. बेसमेंटमध्ये गॅसवर चालणारं, कपाटाएवढं यंत्र असतं, ते घरभर गरम हवा सोडतं. आमची फर्नेस घराइतकीच जुनी. दर ऑक्टोबरमध्ये सुधीर तिचा फिल्टर बदलायचा आणि मार्करने तिच्या दारावर तारीख लिहायचा. वर म्हणायचा, "बस, आता एकदोन हिवाळे. मग नागपूर." आमच्या मुलीची, मुग्धाची, शाळा झाली, कॉलेज झालं, तिला नॉर्थ कॅरोलिनात नोकरी लागली. तारखा वाढतच राहिल्या.

या जानेवारीत एका सकाळी उठले तर घर गार पडलेलं. टेक्निशियन आला, साठीचा, कमी बोलणारा. बराच वेळ टॉर्चने आत बघत होता. मग त्याने गॅस बंद केला. आतल्या भागाला चीर गेली होती आणि तिच्यातून विषारी वायू घरात येऊ शकत होता. तेवढा भाग बदलता आला असता, पण बाकीची फर्नेस फार दिवस साथ देणार नव्हती.

"माझ्या आईचं घर असतं, तर मी नवीनच बसवली असती," तो म्हणाला.

"नवीन किती टिकेल?"

"वीस वर्षं तरी."

मी पायरीवर बसले. वीस वर्षांनी मी अठ्ठ्याहत्तरची असेन. इतक्या पुढचा विचार सुधीर गेल्यापासून मी केलाच नव्हता.

मुग्धा फोनवर म्हणाली, "आई, जस्ट रिप्लेस इट. नाहीतर माझ्याकडे ये, प्लीज." नागपूरहून धाकटा भाऊ मिलिंद म्हणाला, "ताई, तू इकडे येणार म्हणतेस ना? मग नवी कशाला? तात्पुरती दुरुस्त करून घे." दोघांचंही खरं होतं. तीन दिवस मी शेजारणीने दिलेला हीटर लावून एकाच खोलीत काढले. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरात गेले, तर खिडकीतल्या कढीपत्त्याची पानं काळी पडून खाली गळली होती. कुंडी उचलून हीटरपाशी आणली आणि टेक्निशियनला फोन केला. "नवीन बसवा."

जुनी फर्नेस काढताना त्याला दारावरच्या त्या तारखा दिसल्या. न विचारताच त्याने दार वेगळं काढून भिंतीला टेकवलं. शेवटची तारीख सुधीर जाण्याआधीच्या ऑक्टोबरची होती. त्यानंतर दोन ऑक्टोबर आले नि गेले, मी फिल्टरला हातही लावला नव्हता. मार्कर शोधून नव्या फर्नेसच्या कोऱ्या पत्र्यावर मी त्या दिवसाची तारीख घातली. अक्षर वाकडं आलं.

संध्याकाळी मिलिंदला फोन केला. "दिवाळीत येते," म्हटलं. "महिनाभर राहीन, मग घरी जाईन."

बोलून गेल्यावर माझ्याच लक्षात आलं, घरी म्हणजे इथे. त्यालाही ते कळलं असावं.

"ये," तो म्हणाला. "तुझी खोली झाडून ठेवतो."