सालीत गेलेली तार

"कीड नाही हो मुकादम, ही माझीच करणी आहे."

"तुझी? तू काय उंदीर आहेस, खोड कुरतडायला?"

"उंदीर परवडला. मी तुमच्यासमोर केलं आणि तुम्ही पाठ थोपटलीत."

बागखात्यातल्या या माळ्याला सगळे पक्कडमामा म्हणत. निवडणूक आली की झाडांना ठोकलेले प्रचाराचे फलक उतरवायचं आणि खिळे उपटायचं काम त्याच्याकडं. खिळा आधी हलकेच फिरवायचा, मग ओढायचा, म्हणजे साल फाटत नाही, हे त्यानंच खात्याला शिकवलेलं. मागच्या निवडणुकीत मात्र तो इतका वैतागला, की त्यानं सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांना गाठलं. "बाबांनो, ठोकू नका, तारेनं बांधा." पहिली तार दवाखान्यासमोरच्या झाडाला त्यानं स्वतः आवळून दाखवली.

मतदान झालं. त्यानंच फलक खाली ओढले. तारा राहिल्या. राहू देत, झाडाला भोक तर नाही ना पडलं, म्हणून तो घरी जाऊन जेवला.

पाच वर्षांत त्या झाडाचं खोड फुगलं. तार होती तेवढीच. सालीनं तिला गिळलं आणि तिनं झाडाचा गळा धरला. आता शेंडा वाळला होता आणि मुकादमाच्या हातात झाड तोडायचा कागद होता. कारण लिहिलं होतं, कीड.

मुकादमानं आवाज खाली आणला. "गप्प बसला असतास तर कुणाला कळलं असतं?"

"बायको पण हेच म्हणाली. वर म्हणाली, तुम्हाला घास जात नाही तर माझ्या भाजीला नावं ठेवू नका."

मुकादम हसला आणि लगेच गंभीर झाला. "तुझ्या सहीनं लिहून द्यावं लागेल. नोकरीवर डाग येईल."

"येऊ दे. तोडणी थांबवा फक्त."

"वाचेल?"

"वाळलंय ते गेलं. ते मी मारलं. खालचं वाचेल बहुतेक."

त्यानं तिथंच शिडीला कागद टेकवून लिहिलं, सही केली. मग वर चढून पटाशीनं साल उकलली. तार सबंध निघेना, तेव्हा चार ठिकाणी तोडली. तिथून पाणी पाझरलं. ते पुसावं की नाही, त्याला कळेना.

"झालं ना समाधान?" खालून मुकादम.

"कसलं समाधान? या रस्त्याला अजून एकतीस बांधलीत."

त्यानं शिडी खांद्यावर घेतली, पुढच्या झाडाला लावली आणि खोडावरून तळवा फिरवत वळ शोधू लागला.