मनुबाईच्या नातवाची टाच

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मनुबाईच्या सोप्यात चाळीसभर बायका जमल्या होत्या, आणि त्या सगळ्यांच्या देखत मनुबाईनं आपल्या पुतण्याच्या लेकीला पीठ म्हटलं.

गार्गी तेव्हा नऊ महिन्यांची. तिच्या आईनं, संयोगितानं, तिला मांडीवरून उतरवून सतरंजीवर बसवलं आणि हात सोडला, तर पोर पुढं वाकली आणि तशीच घसरून आडवी झाली.

"अगं बया! पिशवीतनं पीठ ओतावं तशी पडली की गं," मनुबाई म्हणाली. तिच्या मांडीवर तिचा सहा महिन्यांचा नातू राजवर्धन ताठ बसला होता. "बाप पलटणीत बंदूक धरतोय आन लेकीला मान धरवंना!"

बायका हसल्या. कुणी पदराआड हसली, कुणी उघड. संयोगितानं वाण घेतलं, वाकून पाया पडली, लेकीला उचललं आणि अंगण ओलांडून आपल्या घरात आली. दोन्ही घरांचं अंगण एकच, दारं समोरासमोर. देव्हाऱ्यापुढं उभं राहून तिनं खरसुंडीच्या सिद्धनाथाला हात जोडले. "देवा, दुसरं काय मागत न्हाई. त्या बाईची मान खाली गेलेली मला या डोळ्यांनी दिसू दे." असलं मागणं देवाजवळ मागू नये, हे तिला ठाऊक होतं. सोमवार, चतुर्थी, एकादशी काही न चुकवणारी बाई ती. तरी मागितलं, आणि वर नारळ बोलली.

गार्गी दीड महिना आधी जन्मली होती. नवरा ऋषिराज सीमेवर, त्याचा फोन आठवड्यातून दोनदा. सासू राहीबाई भोळी. "हुईल गं सावकाश," एवढंच म्हणायची. संयोगितानं सावकाशीची वाट बघितली नाही. इस्लामपुरात लहान मुलांच्या दवाखान्यात दर गुरुवारी साताऱ्याहून अर्शिया नावाची थेरपिस्ट येते, असं कळलं आणि पुढच्याच गुरुवारी ती लेकीला घेऊन एसटीत बसली.

अर्शियानं गार्गीला चटईवर ठेवलं, बराच वेळ नुसतं खेळू दिलं आणि मग म्हणाली, "हिचं वय दीड महिना मागं धरायचं, ताई. अंग जरा सैल आहे, पण समज चांगली आहे. हिला धरून बसवत जाऊ नका. बसायला कारण द्या."

यंत्र नाही, औषध नाही. जुन्या लुगड्याची गुंडाळी छातीखाली देऊन पालथं घालायचं आणि पुढ्यात चकचकीत तांब्या ठेवायचा. परातीत गहू ओतून त्यात हात बुडवू द्यायचे. आईनं पाय पसरून बसायचं आणि खेळणं पायाच्या पलीकडं ठेवायचं, म्हणजे पोर पाय ओलांडायला बघते. अंघोळ, जेवण, कपडे बदलणं, जे रोज होतं त्यातच हे करायचं, थोडं थोडं पण दिवसातून अनेकदा. आणि काय जमलं ते वहीत लिहायचं.

संयोगितानं चटई टाकली ती मुद्दाम ओसरीवर, मनुबाईच्या दारासमोर. परातीचा आवाज पलीकडं जावा म्हणून पितळी परात काढली. मनुबाई दारातनं ओरडायची, "काय गं, पोरीला गहू निवडाय शिकवतीस व्हय?" संयोगिता उत्तर द्यायची नाही. उत्तर ती लेकीच्या अंगात भरत होती.

एप्रिलात गार्गीचा पहिला वाढदिवस आला. घरची रीत अशी की, पहिल्या वाढदिवसाला लेकरानं चार माणसांत आपल्या पायानं देव्हाऱ्यापर्यंत जावं. गार्गी नुकती बसायला लागली होती. राहीबाईनं तिला कडेवर नेलं. मनुबाई म्हणाली, "असू दे, असू दे. आमचा राजवर्धन जाईल की चालत. दोघांचं एकदमच फेडू."

संयोगिताच्या डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या दिवसापासून ती गार्गीला काखेत धरून जबरदस्तीनं उभी करू लागली. चार दिवसांत पोर चटई बघितली की किंचाळायला लागली. अर्शियानं ते बघितलं आणि आवाज चढवला. "हे कुणासाठी चाललंय, ताई? ही मुलगी आहे, तोफ नव्हे. तुम्ही कुणावर तरी रोखून धरलीय हिला."

संयोगिता खाली मान घालून बसली. उभं करणं थांबवलं. राग तेवढा आत ठेवला, विरजण ठेवतात तसा झाकून.

हळूहळू गार्गी रांगू लागली. आणि पलीकडं राजवर्धनचा पांगुळगाडा अंगण दणाणून सोडत होता. मामानं आणलेला, मधे पोर बसवायची झोळी असलेला, घुंगरं लावलेला. सकाळी नातवाला त्यात उभा केला की मनुबाई कामाला मोकळी. "घोडा हाय घोडा!" ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पोराला चटईवर ती कधी सोडायचीच नाही. जमिनीवर लोळायचं ते दुबळ्याच्या लेकरानं, असं तिचं मत.

आषाढ लागला आणि एका सकाळी संयोगिताच्या नजरेला पडलं. मनुबाईनं नातवाला गाड्यातून काढून ओट्याला धरून उभा केला होता. पोर चवड्यांवर उभं होतं. टाच वर. तिनं खाली बसवलं, परत उभं केलं, तरी टाच वरच. आणि ते कलंडलं तेव्हा हात पुढं आलेच नाहीत, लाकडासारखं ताठ पडलं. गाड्यात फार वेळ ठेवलेल्या लेकराची हीच खूण अर्शियानं एकदा सांगितली होती.

सांगावं म्हणून संयोगितानं तोंड उघडलं, आणि मिटलं.

त्या दिवसापासून वहीत गार्गीच्या नोंदीखाली एक ओळ वाढली. "पलीकडं टाच टेकली नाही." रोज. देवाला फूल वाहताना ती मनात म्हणायची, मी काही केलं नाही, तूच दिलंस. पंधरा दिवसांवर राजवर्धनचा वाढदिवस होता. मनुबाईनं भावकी बोलावली होती, आचारी सांगितला होता. संयोगिता दिवस मोजत होती, लग्न ठरलेल्या मुलीसारखी.

वाढदिवसाला सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मनुबाईनं नातवाला नवी टोपी घालून देव्हाऱ्यापासून चार पावलांवर उभा केला आणि हात सोडले. "जा रं माझ्या वाघा!"

पोर चवड्यांवर दोन पावलं गेलं आणि तोंडावर आपटलं. हात पुढं आले नाहीत. शहाबादी फरशीवर ओठ फुटला, टोपीवर रक्त आलं. त्याच्या आईनं झेप घेतली.

मनुबाईची मान खाली गेली. देवानं मागितलेलं दिलं. संयोगितानं ते डोळे भरून बघितलं.

पण क्षणातच मान वर आली आणि मनुबाई गरजली, "नजर लावली कुणी तरी! ज्येच्या घरात लेकरू उभं ऱ्हाईना, त्येची नजर!"

"नजर न्हाई, काकी," संयोगिता म्हणाली. "तुमचा गाडा. टाच टेकत न्हाई त्येची. कवाधरनं बघतीय मी."

मनुबाई हळू बोलली, "बघत हुतीस? आन बोलली न्हाईस?"

"न्हाई बोलले."

संयोगिताचे सासरे लालासाहेब, पंचवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, ते जेवायच्या पाटावरून उठून गेले. राहीबाईनं सुनेकडं बघितलं नाही.

आठवडाभर कुणी कुणाशी बोललं नाही. गुरुवारी सकाळी मनुबाई नातवाला कडेवर घेऊन अंगणात उभी राहिली. "किती वाजता एसटी हाय?" एवढंच विचारलं. एसटीत ती खिडकीशी बसली, संयोगिता दोन बाकं सोडून मागं.

दवाखान्यात अर्शियानं विचारलं, "गाड्यात किती वेळ असतो?"

मनुबाई पदराचं टोक पिळत राहिली.

"सांगा की काकी," संयोगिता गोड आवाजात म्हणाली. "सकाळपासनं सांगा."

"सकाळी... सैपाक हुईस्तोर. मग झोपून उठला की... दिवं लागंस्तोर." एकेक शब्द काटा उपसावा तसा येत होता, आणि संयोगिताचं काळीज गार होत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

"टाचेचं कुणाच्या लक्षात आलं?"

"हिच्या," मनुबाई म्हणाली.

"कधी?"

मनुबाईनं वळून बघितलं. सांगून टाकायची संधी तिची होती. पण ते संयोगिताच्याच तोंडून यावं म्हणून ती थांबली.

"बावीस दिवस झाले, मॅडम," संयोगिता म्हणाली.

अर्शियानं पोराची टाच तळहातावर घेतली, चवडा हळूच वर दाबला. पाऊल वळलं. "पाय अजून मऊ आहे," ती म्हणाली. "नशीब या लेकराचं." आणि चटईकडं बोट दाखवलं. "बसा दोघी. दोघींना पहिल्यापासून शिकवते."

गुडघ्यावर हात टेकून मनुबाई आधी बसली.