भाऊंचं यश आणि आमचं स्वयंपाकघर

आता काय सांगू तुम्हाला! दुसऱ्याच्या थापेला कुणीही फसतो हो. मी पठ्ठ्या स्वतःच्याच थापेला फसलो! हसा, हसा. आधी हसून घ्या, मग सांगतो.

पनवेलच्या बाजारात माझं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली, सगळं छापतो. राहायला मात्र कामोठे गावात. बाजूच्या सेक्टरातल्या टॉवरला बँका पायघड्या घालून कर्ज देतात. आमच्या गावातल्या घरांना? नाव काढू नका! का, तर कागदपत्रं नीट नाहीत. इकडे पोराचं लग्न ठरलेलं, घर एवढंसं. वर एक मजला चढवायचा तर कर्ज हवंच.

अशात एक दिवस आमच्या भागातले पुढारी भाऊ, त्यांचा कार्यकर्ता सुधीर धापा टाकत दुकानात आला.

"भाऊ मंत्रालयात जाऊन आले! गावातल्या घरांना गृहकर्ज मिळावं म्हणून निवेदन दिलंय. संध्याकाळपर्यंत बॅनर पायजे!"

आता आमच्या धंद्याची खोड ऐका. 'अथक पाठपुराव्याला यश' ही ओळ माझ्या कॉम्प्युटरात कायमची तयार असते. गटार असो की रस्त्यावरचा दिवा, विषय तेवढा बदलायचा. घाईघाईत तीच ओळ ठोकली: 'गावातल्या घरांनाही गृहकर्ज! भाऊंच्या अथक पाठपुराव्याला यश!'

सुधीरनं वाचलं. म्हटलं, आता म्हणेल, अरे, यश कुठंय अजून? छे!

म्हणाला, "यश जरा मोठं कर."

दुसऱ्या दिवशी अण्णांची माणसं हजर. अण्णा म्हणजे भाऊंचे पक्के विरोधक.

"हे काम अण्णांचं! त्या भाऊचा संबंध काय? त्याच्या दुप्पट बॅनर काढ!"

काढला. मग भाऊंच्या आभाराचा, मग अण्णांच्या सत्काराचा. नाक्यावर उभं राहिलं तर आकाश दिसेना!

बायको बाजारातून आली ती नाचतच.

"अवो, आपल्याला लोन मिळतंय!"

"अगं, ते मीच छापलंय."

"तुमी छापलं म्हणून काय झालं? एवढी मोठी माणसं उगाच भांडतात? काय तरी हाय म्हणूनच भांडतात ना!"

आणि पटलं हो मला! त्या रात्री इतकी शांत झोप लागली म्हणून सांगू. सकाळी उठून गवंडी बोलावला आणि आधी स्वयंपाकघरावरचे पत्रे उतरवून टाकले. बायको उघड्यावर भाकऱ्या थापत होती आणि वर गाणी म्हणत होती!

मग इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेलो. मॅनेजरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"असा काही निर्णय झालेला नाही हो."

"नाही कसा? सगळीकडे लिहिलंय!"

"कुठे?"

"बॅनरवर!"

"अहो, बॅनर काय, कुणीही छापतो."

घ्या! तो कुणीही मीच की!

घरी येऊन सांगितलं. बायकोनं कपाळावर हात मारला, वर बघितलं आणि खो खो हसत सुटली. तिचं बघून मीही. पण पत्रे उतरवताना निम्मे चेमटले होते, आणि कावळे थेट परातीत उतरायला लागले. शेवटी नाक्यावरचे जुने बॅनर आणून वर ताणले. चुलीवर भाऊ, मोरीवर अण्णा!

लग्न त्याच घरात झालं, आणि काय झकास झालं! सून तर म्हणाली, "बाबा, घर लय रंगीत हाय." तेवढ्यात जेवायला आलेल्या सुधीरची नजर वर गेली.

"बघ! शेवटी तुझ्या डोक्यावर छप्पर भाऊंनीच घातलं की नाय? याचा बॅनर झालाच पायजे!"

असा राग आला म्हणता! वाटलं, याच्या पुढचं ताट उचलावं आणि याला सरळ दार दाखवावं. अख्खी पंगत माझ्या तोंडाकडे बघत होती.

आणि मी काय बोललो असेन?

"भाऊंचा फोटो कुठला टाकू? हसरा, की हात जोडलेला?"