लगीन उरकून या

सांगलीतला तो बंदूकवाला बोलण्याआधी चष्मा पुसायचा. परवान्यासाठी चकरा मारताना माझी त्याची ओळख झाली. रानडुकरांनी मका उधळल्यावर मला आणि धाकट्या भावाला एकदमच परवाने मिळाले. दुकानात शिरताच भावानं दुनळी उचलली.

चष्मा पुसत त्यानं विचारलं, "घरात लगीन कवा हाय?"

"पुढच्याच आठवड्यात, चुलतभावाचं," भाऊ ऐटीत म्हणाला.

त्यानं दुनळी हळूच काढून घेतली आणि कपाटाला कुलूप लावलं. "वरातीत बार काढायला मी बंदूक इकत न्हाई. लगीन उरकून या, एकनळी देतो. डुकराला लय झाली."

तासगावपर्यंत भाऊ धुसफुसत होता.

वरातीत तोच भाऊ दारू पिऊन, दोन्ही हात वर करून नाचला. ते रिकामे हात बघून माझा जीव भांड्यात पडला.