चौथी नळी

डॉ. सुमतीबाई केळुसकरांशी माझी पहिली ओळख झाली ती बोलणी खाऊनच. ऐंशीच्या दशकात मी त्यांच्या बोरिवलीच्या दवाखान्यात नवा नवा लागलो होतो. पेशंटच्या दाढेतून काढलेला कापूस मी सरळ कचऱ्यात टाकला, तर बाईंनी तो परत उचलायला लावला. आधी वास घ्यायचा, म्हणाल्या, आतली घाण नाकाला आधी कळते. किळस आली, पण मुकाट्याने घेतला.

पुढे कांदिवलीच्या तावडेकाकू आल्या. वरच्या दाढेच्या मुळांतल्या तिन्ही नळ्या मी साफ केल्या. एक्स-रे ठीक, कापसाला वास नाही, तरी ठणका जाईना. दिवेलागण झाली की दाढेत सासूबाई कुजबुजतात, असं त्या सांगू लागल्या. सासूबाईंची तीच दाढ गावी उपटली होती. तोंड सुजलं आणि तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. आता काकूंच्या घरचेही उपटूनच टाका म्हणत होते.

"डॉक्टर, उपटू नका हो. मी मरेन," काकू म्हणाल्या.

मी पडलो दीडशहाणा! केसपेपरवर लिहिलं, 'मनाचे खेळ'.

बाईंनी ते वाचलं आणि काकूंना मुद्दाम दिवेलागणीलाच बोलावलं. पंखा बंद केला. सासूबाई बोलू लागल्या की बोट वर करा, एवढंच सांगितलं. दवाखान्यात चिडीचूप. रस्त्यावरचे हॉर्नही तेव्हा कसे थांबले, देव जाणे. काकूंचं बोट हळूहळू वर आलं. बाईंची बारीक सुई दाढेच्या तळावरून सरकत होती, ती जिथे काहीच नसायला हवं तिथे अलगद आत गेली. केसाएवढी चौथी नळी! सुईला गुंडाळलेला कापूस बाहेर आला आणि खोलीभर कुजका वास सुटला. 

"गेल्या सासूबाई," काकू म्हणाल्या. तोवर त्यांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी बाई स्वतः रिक्षाने काकूंना घरी सोडून आल्या आणि घरच्यांना समजावून आल्या. दाढ वाचली. काकू आजही त्याच दाढेने कडक चकल्या फोडतात.

दुसऱ्या दिवशी मी ओशाळून विचारलं, बाई, तुम्हाला कसं कळलं? बाई हात धूत होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "अरे, मलाही ऐकू येत होतं."

काय ऐकू येत होतं, हे विचारायची माझी छाती आजतागायत झालेली नाही. मंडळी, पंचाहत्तरीच्या या सोहळ्यात माझं मागणं एवढंच, की बाईंनी ठणठणीत प्रकृतीने शंभरी ओलांडावी. माझ्यासारख्या शहाण्यांनी वेड्यात काढलेली माणसं अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांना जायला दुसरं दार नाही.