आमच्या माणसांनी मारलेले गोळ

फुटबॉल म्हटलं की लोकांना कोलकाता आठवतं, गोवा आठवतं. सुरत कुणालाही आठवत नाही. इथे पांडेसऱ्यात, डाइंग मिलच्या भिंतीमागे, खानदेशातून आलेल्या कामगारांनी एक क्लब उभा केला आणि वर्षानुवर्षं गोल मारले, हे कुठे छापून आलं नाही. येणार कसं? सगळ्यांना साडी दिसते, ती रंगवणारा कुणाला दिसतो? म्हणून मी लिहिते. हात पत्रकांवर घडलाय माझा, मध्येच आवाज चढला तर चढू द्या.

क्लबचा पहिला मोठा गोल मारणारा मिलच्या रंगखात्यातला. माझे वडील त्याच्याबद्दल बोलायला लागले की जेवण थंड व्हायचं. मैदानाच्या कडेने मिलचं रंगीत पाणी उघडं वाहायचं. (तो गुन्हाच होता. त्यावर मी वेगळं पत्रक काढलंय.) चेंडू त्यात पडला की कधी हिरवा, कधी राणी रंगाचा होऊन यायचा. हा गडी डोक्याने गोल मारणारा. गोल डोक्याने की हाताने, असा वाद झाला की पंच सरळ त्याचं कपाळ बघायचा. कपाळावर टिळा उमटलेला असला की गोल. एकदा समोरचे भडकले, "हा रंग तर त्याच्या कामावरचा आहे!" तो शांतपणे म्हणाला, "आज आमच्या मशिनवर पोपटी होता. हा राणी तुमच्या गोलात गेलेल्या चेंडूचा आहे."

त्याच दिवशी तो नाक्यावरच्या किराणा दुकानात सोडा प्यायला गेला. शेठ गुजराती. मान खाली घालून पुड्या बांधत विचारलं, "शुं आपुं?" आमच्या गड्याच्या अंगात अजून मॅच. तो म्हणाला, "शेठ, त्रण गोल!" आता गुजरातीत गुळाला म्हणतात गोळ, आणि अस्सल सुरती माणसाच्या तोंडात 'ळ'चा होतो 'ल'. शेठने गुळाच्या तीन छोट्या भेल्या काढून समोर ठेवल्या. आमची माणसं भिडस्त. नको कसं म्हणायचं? भेल्या घेऊन तो मैदानावर परत आला आणि सगळ्यांना वाटत सुटला. तेव्हापासून रिवाजच पडला. जितके गोल, तितक्या भेल्या. पहिला खडा गोल खाल्लेल्या गोलकीपरला. तो कडू तोंडाचा असतो म्हणून.

दुसरा मोठा गोल मारणारा मी डोळ्यांनी पाहिला. गोडादऱ्याच्या लूमवर काम करणारे काका. वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी त्यांची मॅच बघायला जायचे. डावा पाय असा, की गोलकीपर आधीच देवाचं नाव घ्यायचा. पण लूमच्या खडखडाटाने काकांचे कान लवकर गेले. मालकाने कापड नेलं आणि वर कानही नेले, भरपाई शून्य! काकांनी मात्र त्यातून स्वतःची वसुली केली. ऑफसाइडची शिट्टी वाजायची, सगळे थांबायचे, काका एकटे धावत जाऊन चेंडू जाळीत घालायचे.

"काय रे भो, शिट्टी वाजनी ना!"

"माले कोठे ऐकू उनी?"

खरंच ऐकू येत नव्हतं की सोयीने, ते आजवर कळलं नाही. कारण कडेने कुणी हळूच "गूळ" म्हटलं तर मान वळायची.

आणि यंदा त्या मैदानावर फलक लागला. ट्रकचं पार्किंग होणार. कारण काय, तर जागा वापरात नाही! मी तावातावाने पालिकेत गेले. साहेब म्हणाले, "रविवारी सकाळी बघायला येतो. वापर दिसला तर कळवतो वर." म्हणजे एका सकाळी मैदान भरलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर ते गेलं.

मी पत्रक लिहिलं, मराठीत आणि गुजरातीत. 'या मैदानावर आमच्या माणसांनी मारलेले गोल विसरू नका! रविवारी या!' छापखान्यातल्या शुद्धलेखनवाल्या भाऊंना वाटलं, हे सुरती लोक नेहमीसारखे चुकले. त्यांनी गुजराती मजकुरात 'ल'चा 'ळ' केला. पत्रकं वाटून झाल्यावर मला कळलं की आमच्या माणसांनी मैदानावर गोळ मारले आहेत आणि ते घ्यायला रविवारी यायचं आहे. मी चिडून रडकुंडीला आले. काकांनी माझ्या ओठांवरून समजून घेतलं आणि पोट धरून हसले. "ऱ्हाऊ दे पोरी. शेठले सांगी ठेव."

रविवारी मैदान फुललं. अर्धी बायामाणसं पिशव्या घेऊन आलेली. "किधर बाँट रहे हैं?" मी म्हणायचे, "गोल होऊ द्या आधी!" त्यामुळे कुणी जागचं हलेना. जुने खेळाडू पोटं सावरत उतरले, काका गुडघ्याला पट्टी बांधून.

साहेबांची गाडी आली तशी मी पंचाला खूण केली. मला भाषण करायचं होतं. शिट्टी वाजली. सगळे थांबले, शाळेतल्यासारखे सरळ उभे. काकांची पाठ आमच्याकडे. ते लंगडत, धापा टाकत चेंडू घेऊन निघाले. गोलकीपर कमरेवर हात ठेवून साहेबांकडे बघतोय. डावा पाय फिरला आणि चेंडू जाळीत.

"गोल! गोल!" पिशवीवाल्या बायका आधी ओरडल्या, आपापल्या अर्थाने.

"सीटी वागी गई ने?" साहेब हसत म्हणाले.

"माले कोठे ऐकू उनी?"

पहिला खडा गोलकीपरला दिला, दुसरा साहेबांना. साहेबांनी तो चघळत गर्दीवरून नजर फिरवली. "हे असं रोज असतं का? पुन्हा येऊन बघेन. कुठल्याही रविवारी." मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर काकांनी त्यात गूळ कोंबला.

फलक अजून आहे, पण पार्किंगचं काम थांबलंय. साहेब सांगून येणार नाहीत, म्हणून आम्ही दर रविवारी खेळतो. शेठच्या दुकानात आता त्यांचा मुलगा बसतो, तो भेल्या काढून ठेवतो. आणि काकांसाठी मी शिट्टीबरोबर लाल फडकंही हलवते.

ते तिकडे बघतच नाहीत.